गिरसप्पाचे जुने पोस्टकार्ड

शाळेच्या भूगोलात आपण ज्याला गिरसप्पा म्हणून पाठ केले, तो शरावतीवरचा जोगचा धबधबा. शंभर वर्षांपूर्वीच्या पोस्टकार्डावर तो चार धारांनी कोसळताना दिसतो. आज तिथे जाणाऱ्याला तसाच तो दिसेल का? दिसलाच, तर कुणाच्या मर्जीने?

हातात मावेल एवढे ते कार्ड. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यात मोडीचा व्रण. मध्ये काळा कातळ, त्यावरून सुटलेल्या चार पांढऱ्या रेघा आणि खाली धुक्याने भरलेली दरी. चित्राखाली इंग्रजीत छापलेले नाव : ‘गेरसप्पा फॉल्स’. आकाशाला फिकट गुलाबी छटा आणि झाडांना न शोभणारा हिरवा रंग. मुंबईच्या जुन्या बाजारात, नाण्यांच्या आणि तिकिटांच्या गठ्ठ्यांत अशी कार्डे अजून मिळतात. संग्राहक ती जपून ठेवतात आणि चांगली किंमतही देतात.

हिंदुस्थानात साधे पोस्टकार्ड सुरू झाले १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा. घरची खुशाली, तेराव्याचा निरोप, लग्नाची बोलणी या साऱ्याला ते पुरायचे. चित्रांची कार्डे त्यानंतर, एकोणिसावे शतक संपता संपता आली आणि विसाव्याच्या पहिल्या पंधरा वर्षांत त्यांचे अक्षरशः वेड लागले. फोटो इथे काढायचा, छपाई पुष्कळदा जर्मनीत किंवा इंग्लंडात करायची आणि पेट्या पुन्हा बोटीने इकडे यायच्या. रंग भरणाऱ्या कारागिराने मलनाडचे जंगल कधी पाहिलेलेच नसे. म्हणून ते गुलाबी आकाश! आपल्याकडे राजा रविवर्मांच्या चित्रांचीही अशी कार्डे निघाली होती.

अगदी जुन्या कार्डाची आणखी एक खूण आहे. त्याची मागची सगळी बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला, उरलेल्या चिंचोळ्या जागेत. मग लिहिणारा काय लिहिणार? ‘पोहोचलो, प्रकृती ठीक, धबधबा अप्रतिम.’ इंग्लंडमध्ये १९०२ साली मागच्या बाजूवर मधोमध रेघ आली, अर्धी जागा मजकुराला मिळाली आणि लोक थोडे सैल हाताने लिहू लागले.

आपल्या इलाख्यातला धबधबा

गिरसप्पा हे नाव मराठी माणसाच्या तोंडी बसले त्याला कारण आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो मुंबईकडेच राहिला. शरावतीचा एक काठ मुंबईचा, दुसरा म्हैसूर संस्थानचा. त्यामुळे धबधब्यालाही दोन घरे होती. एका काठावर ‘मुंबई बंगला’, समोर म्हैसूरचा बंगला. मुंबई सरकारने १८८३ मध्ये काढलेल्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या धबधब्याचे सविस्तर वर्णन आहे. धबधब्यापासून खाली, नदीकाठी गेरुसोप्पा नावाचे जुने गाव आहे. इंग्रजांनी त्याचेच नाव धबधब्याला लावले. कन्नड माणूस मात्र आधीपासून जोगच म्हणतो.

उंची ८३० फूट, म्हणजे २५३ मीटर. कुतुबमिनारवर कुतुबमिनार असे तीन उभे केले तरी वर जागा उरेल. जगातल्या मोठ्या धबधब्यांवर लेख लिहिताना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला गिरसप्पाची दखल घ्यावीशी वाटली, ती उगीच नाही.

चार धारांना चार नावे आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. ‘राजा’ कड्यावरून निघतो तो मध्ये कुठेही खडकाला न टेकता सरळ खाली उतरतो. त्याच्या शेजारून ‘रोअरर’ गर्जना करीत येतो आणि वाटेतच राजाला सामील होतो. ‘रॉकेट’ टप्प्याटप्प्याने उसळ्या घेत, दिवाळीतल्या बाणासारखा तुषार उडवत जातो. चौथी ‘राणी’. तिला घाई नाही. ती कातळावरून फेसाळत, पदर पसरल्यासारखी घरंगळत येते. युरोपीय प्रवाशांनी तिला ‘श्वेतवसना’ अशा अर्थाचे फ्रेंच नावही दिले होते.

पूर्वीचे प्रवासी मुंबईच्या बाजूने राजाच्या माथ्यावरच्या खडकापर्यंत जात, तिथे पालथे पडत आणि डोके पुढे काढून खालचा डोह पाहत. आता कठड्याच्या आतूनच पाहायचे. तेच बरे!

नदी कुठून येते?

शरावती फार लांबची नदी नाही. शिवमोग्गा जिल्ह्यात तीर्थहळ्ळीजवळ अंबुतीर्थ येथे तिचा उगम होतो. सीतेला तहान लागली म्हणून रामाने जमिनीत बाण मारला आणि पाणी काढले, अशी कथा तिथले लोक सांगतात. शर म्हणजे बाण, म्हणून शरावती. तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वाहत ती होन्नावरला अरबी समुद्राला मिळते. मधेच सह्याद्रीची कड येते आणि नदी तिथून उडी घेते. तीच जोगची जागा.

होन्नावरकडून वर येणारा घाटरस्ता या खोऱ्याच्या अंगाखांद्यावरून जातो. आम्ही गेलो ते पावसाळ्याच्या शेवटी. समुद्रकाठची माडाची झाडे मागे पडली आणि गाडी घाटाला लागली तशी हवा गार होत गेली. गाडीच्या दोन्ही बाजूंना इतके दाट रान की भर दुपारी दिवे लावावेसे वाटावेत. मिरीचे वेल झाडांना बिलगलेले. वळणावर गाडी थांबवली की आधी पाण्याचा आवाज येतो. पाणी दिसते मागाहून. या जंगलात सिंहासारखी आयाळ आणि शेपटीला गोंडा असलेले काळे वानर राहते. सिंहपुच्छ वानर हे त्याचे नाव. ते फक्त पश्चिम घाटात, तेही झाडांच्या शेंड्यांवर राहते. जमिनीवर ते क्वचितच उतरते, म्हणून त्याला सलग जंगल लागते. मध्ये रस्ता किंवा मोकळे रान आले की त्याचे जगच तुटते. या खोऱ्यात १९७२ पासून अभयारण्य आहे.

जोगला पोहोचल्यावर

प्रेक्षक सज्जावर आम्ही उभे राहिलो तेव्हा समोर काहीच नव्हते. नुसता पांढरा पडदा आणि त्याच्या मागून येणारा घरघराट. आजूबाजूची मंडळी मक्याची कणसे खात शांतपणे थांबली होती. त्यांना हे ठाऊक होते. वीस मिनिटांनी वारा फिरला, धुके वर सरकले आणि आधी राणी, मग रॉकेट, मग पलीकडची जोडी अशी एकेक धार उघडी झाली. माझी आठ वर्षांची मुलगी एकदम गप्प झाली. ती गप्प होणे हेच आमच्या घरात मोठे प्रमाणपत्र समजले जाते. पाच मिनिटांत पडदा पुन्हा पडला.

पाऊस चांगला असेल तर हे दृश्य जुन्या कार्डालाही मागे टाकते. पण मार्च-एप्रिलमध्ये इथे आलेला प्रवासी हिरमुसतो. काळ्या कातळावर ओल्या दोऱ्यासारख्या दोन-तीन रेघा, बस्स. नदी आटली का? नाही. नदीचे पाणी दुसऱ्या वाटेने जाते.

नळातला धबधबा

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे आपल्याही परिचयाचे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले, मुंबई सरकारच्या नोकरीत वाढलेले आणि १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण झालेले. जोगचा धबधबा पाहून ‘केवढी ही शक्ती वाया जाते आहे!’ असे ते म्हणाले, ही गोष्ट तिकडे सगळे सांगतात. ते नेमके कोणत्या शब्दांत म्हणाले असतील ते असो. त्या काळच्या इंजिनिअरला ८३० फूट उंचीवरून पडणारे पाणी पाहून जनित्रच आठवणार.

१९४८ साली जोगच्या खाली पहिले वीजगृह सुरू झाले. पुढे त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. त्यासाठी वरच्या अंगाला हिरेभास्कर येथे धरण बांधले होते. पण भूक वाढत गेली. १९६४ साली धबधब्याच्या सहा-सात किलोमीटर वर लिंगनमक्की धरण उभे राहिले आणि त्याच्या पाण्यात जुने हिरेभास्कर धरणसुद्धा बुडाले. फार कोरड्या उन्हाळ्यात पाणी उतरले की ते जुने धरण अजून वर डोके काढते आणि लोक मुद्दाम पाहायला जातात.

लिंगनमक्कीची साठवण सुमारे १५१ अब्ज घनफूट. आपल्या कोयनेची १०५. या जलाशयातले पाणी कालव्याने तळकळले नावाच्या दुसऱ्या तलावात नेले जाते. तिथून ते प्रचंड लोखंडी नळांतून डोंगर उतरून शरावती वीजगृहात जाते. तिथे दहा जनित्रे असून त्यांची एकूण क्षमता १०३५ मेगावॉट आहे. म्हणजे पाणी आजही कड्यावरून खाली पडतेच. फक्त ते आता नळाच्या आत पडते आणि कुणाला दिसत नाही. पुढे खाली गेरुसोप्पाला आणखी एक धरण आहे. वीज करून सुटलेले तेच पाणी तिथे पुन्हा एकदा वापरले जाते.

पावसाळ्यात धबधबा जिवंत दिसतो तो दोन कारणांनी. धरण आणि कडा यांच्यामधल्या रानात पडलेला पाऊस नदीत येतो, हे एक. आणि धरण काठोकाठ भरले की दरवाजे उघडावे लागतात, हे दुसरे. त्या दिवसांत जोगला जत्रा भरते. २००६ साली ‘मुंगारू मळे’ हा कन्नड चित्रपट आला आणि त्यात हा धबधबा पाहून तरुण मुलामुलींचे लोंढे इकडे वळले. तिथल्या चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, गप्पांचा पहिला विषय एकच : यंदा दरवाजे उघडणार का?

पाण्याखालची गावे

धबधबा पाहून बहुतेक गाड्या परत फिरतात. आम्ही सागर गावाकडून जलाशयाच्या काठाने पुढे गेलो, कारण या कथेचा दुसरा भाग तिथे आहे.

लिंगनमक्कीच्या पाण्याखाली शेती गेली, सुपारीच्या बागा गेल्या, देवळे गेली. हजारो कुटुंबे उठली. काही जण शिवमोग्गा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या जंगलांत जाऊन वसले. त्यांना जमीन दाखवली गेली. पण सरकारी कागदांवर ती वनजमीनच राहिली. त्यामुळे पुष्कळांना हक्काचे उतारे मिळालेच नाहीत. घर आहे, बाग आहे, नातवंडे आहेत; पण कागद नाही. त्यासाठीची आंदोलने अलीकडच्या वर्षांपर्यंत चालूच आहेत. कोयनेचे धरणही त्याच सुमाराला पुरे झाले आणि कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्नही अजून मिटलेले नाहीत. म्हणून हे सारे ऐकताना मराठी माणसाला परके वाटत नाही. ठिकाणांची नावे तेवढी बदलायची.

काही गावे बुडाली नाहीत. पण ती बेटासारखी अडकली. तुमरी आणि आसपासचा भाग तीन बाजूंनी पाण्याने वेढला गेला. सागरला जायचे तर बार्ज, म्हणजे मोठी सपाट होडी. तिच्यावरच बस चढायची, मोटारी चढायच्या, माणसे चढायची. जवळच सिगंदूरच्या चौडेश्वरीचे देऊळ आहे. भाविकांची गर्दी असली की होडीसाठी तासन्‌तास रांग लागे. संध्याकाळी शेवटची फेरी गेली की पलीकडचे पलीकडे. अडलेल्या बाळंतिणीचे किंवा साप चावलेल्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. आणि गंमत अशी की, राज्याची बरीचशी वीज ज्या पाण्यावर तयार व्हायची, त्याच पाण्याने या लोकांची वाट अडवली होती.

अखेर १४ जुलै २०२५ रोजी अंबरगोडलू ते कळसवळ्ळी असा सुमारे २.४४ किलोमीटर लांबीचा, तारांनी तोललेला पूल खुला झाला. उद्घाटन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी केले. धरण १९६४ चे, पूल २०२५ चा. मधली एकसष्ट वर्षे म्हणजे दोन-तीन पिढ्या.

पुलाच्या तोंडाशी एक वयस्कर बाई सुनेबरोबर बसची वाट पाहत बसल्या होत्या. आमच्या ड्रायव्हरने त्यांना ‘अज्जी’ म्हणून हाक मारली, कानडीत विचारपूस केली आणि त्यांचे बोलणे आम्हाला मोडक्या हिंदीत सांगितले. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा सासरचे घर नुकतेच पाण्यात गेले होते. त्यामुळे सासरचे खरे घर त्यांनी कधी पाहिलेच नाही. सासूबाई पाण्याकडे बोट दाखवून सांगायच्या, इथे विहीर, इथे तुळस. आता पुलावरून बस जाते तेव्हा अज्जी खिडकीशी बसतात. खाली काही दिसत नाही, तरी बघतात. पूल कसा वाटतो, असे विचारले तर हसून म्हणाल्या, चांगला आहे, पण माझ्या नवऱ्याला तो लागला नाही.

आणि पुन्हा एक नवी योजना दारात उभी आहे. तळकळले आणि गेरुसोप्पा या दोन जलाशयांमध्ये पाणी खाली सोडायचे, विजेची मागणी कमी असेल तेव्हा ते परत वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी पुन्हा वीज करायची, अशी ही २००० मेगावॉटची योजना. सूर्य मावळल्यावरही वीज हवी, तर असा साठा लागतो, हे तिच्या बाजूचे म्हणणे. हे सारे काम सिंहपुच्छ वानराच्या जंगलातून होणार, उतार ढासळतील, हे विरोधकांचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण एकदा ज्यांचे घर गेले आहे, त्यांना ‘राज्याच्या हितासाठी’ हे शब्द ऐकताना काय वाटत असेल, हे अज्जींकडे पाहिल्यावर वेगळे सांगायला नको.

मिरीची राणी आणि राजाराम महाराज

परिसरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गेरुसोप्प्याला सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी नावाची जैन राणी राज्य करीत होती. मिरीचा व्यापार तिच्या हाती असल्याने पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत. तिच्या राजधानीच्या जागी आता जंगल आहे. पण चारही दिशांना दारे असलेली चतुर्मुख बसदी, म्हणजे जैन मंदिर, अजून उभी आहे.

सागरजवळ इक्केरीचे अघोरेश्वर मंदिर आणि केळदीचे रामेश्वर मंदिर आहे. केळदीच्या छतावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी मुले हटकून लक्षात ठेवतात. पण मराठी माणसाने केळदीला नमस्कार करायचा तो आणखी एका कारणाने. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ साली, राजाराम महाराज वेश पालटून जिंजीकडे निघाले. मागावर मोगल फौज. त्या वेळी केळदी घराण्याच्या राणी चेन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आसरा दिला आणि पुढची वाट मोकळी करून दिली. त्याबद्दल मोगल सैन्य त्यांच्या राज्यावर चालून आले. स्वराज्य तगले त्यात या कानडी राणीचा वाटा आहे. आपल्या सहलींच्या यादीत मात्र केळदीचे नाव क्वचितच असते.

नाटकाची आवड असेल तर सागरजवळ हेग्गोडू गावातले ‘नीनासम’ जरूर पाहा. १९४९ साली खेड्यात सुरू झालेल्या या संस्थेने नाट्यशिक्षणात देशभर नाव कमावले. तिचे के. व्ही. सुब्बण्णा यांना १९९१ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येताना सागरच्या गुडिगार कारागिरांचे चंदनी कोरीव काम बघावे. खिशाला ते झेपेलच असे नाही. पण ‘अप्पेमिडी’चे लोणचे नक्की झेपेल. नदीकाठच्या रानटी आंब्याच्या करंगळीएवढ्या कैऱ्या, देठासकट घातलेल्या. आमच्या घरी आणलेली बरणी आठवडाभरही टिकली नाही.

कसे जाल, कधी जाल?

कोकण रेल्वेने होन्नावर गाठावे. तिथून जोग घाटरस्त्याने साधारण ६० किलोमीटर. दुसरी वाट बेंगळुरू-शिवमोग्गा-सागर. जवळचे रेल्वे स्टेशन तालगुप्पा. सागरहून जोग सुमारे ३० किलोमीटर असून मुक्कामाला सागर सोयीचे आहे.

पाणी पाहायचे तर ऑगस्ट आणि सप्टेंबर. धुके पडते, तेव्हा तासाभराची सवड ठेवूनच जावे. ऑक्टोबरात धारा बारीक होतात, पण दृश्य स्वच्छ असते. तळाशी उतरायला चौदाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पावसात ही वाट पुष्कळदा बंद ठेवतात आणि आवारात कामे चालू असली तर प्रवेशही थांबवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. पायऱ्या खुल्या असल्या तरी गुडघेदुखी असलेल्यांनी वरूनच दर्शन घ्यावे. रानात जळवा असतात. मोजे आणि थोडे मीठ जवळ असू द्यावे.

आणि एक दिवस जास्तीचा ठेवावा. धबधब्याला अर्धा दिवस पुरतो. उरलेल्या वेळात सिगंदूरचा पूल पायी नाही, तरी बसने ओलांडावा आणि मध्यावर खिडकीतून खाली पाहावे. पोस्टकार्डावर न मावलेला भाग तिथे आहे.